शिलाईचे दोन

माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. त्या रविवारी दुपारी तर इस्त्री परवडली असती. गुंडीच्या वहीत परिमितीची सात गणितं, आणि सातही चूक. खाली बाईंचा लाल शेरा: "सोमवारी पुन्हा चाचणी. नाही जमलं तर मागच्या वर्गात बसवावं लागेल."

गुंडी म्हणजे माझी लेक. शाळा सुटली की माझ्या शिवणाच्या दुकानात कापड मापून देते, आणि मापात कधी चुकत नाही. म्हणून तर जास्त राग.

"तुझ्या डोक्यात काही शिरतच नाही का गं?" मी म्हटलं. आठवडाभर हेच म्हणत होते.

दुकान बंद होतं. कापडं बाजूला सारून मी कटिंगच्या टेबलावर वही उघडली. "हे मैदान. चाळीस मीटर लांब, पंचवीस रुंद. चारी बाजू मिळून किती?"

"एकशे अडतीस."

चाळीस नि पंचवीस पासष्ट, दुप्पट एकशे तीस. "वरचे आठ कुठून आणलेस?"

"येतातच."

पुढची बाग, तीस बाय वीस. शंभर हवेत, तिचे एकशे आठ. त्यापुढच्या चित्राच्या चौकटीलाही आठच जास्त. सगळीकडे नेमके आठ. माझा राग जरा निवला. धांदरट पोर दर वेळी वेगळं चुकतं.

"मनात नको, मोठ्याने कर. एकेक पायरी सांग."

"बेचाळीस अधिक सत्तावीस, एकोणसत्तर. त्याची दुप्पट..."

"थांब. पुस्तकात चाळीस आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच ढ. "शिलाईचे दोन धरले की. लांबीत दोन, रुंदीत दोन."

मी मटकन स्टुलावर बसले. हे मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. कुणी सांगो न सांगो, शिवताना दुमडून जातात म्हणून शिलाईचे दोन इंच मनातल्या मनात जास्त धरायचे, नाहीतर कापड वाया.

"अगं, मैदान कोण शिवणार आहे?"

ती हसली, मीही हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. म्हणे डोक्यात काही शिरत नाही. शब्दन् शब्द शिरला होता, फक्त माझा. तिला जवळ घेऊन म्हटलं, "चुकलं माझं, बाळा." मग दोन न धरता तिने सातही गणितं पुन्हा केली. सातही बरोबर आली.

तरी सोमवारी माझा जीव टांगणीला. हात रिकामे नकोत म्हणून अभ्रे कापत बसले होते. दुपारी गुंडी दारात आली आणि तिने पेपर टेबलावर ठेवला. दहापैकी दहा. खाली शेरा: "याच वर्गात राहील." छातीवरचा धोंडा उतरला.

गुंडीने सवयीने टेप उचलली आणि मी कापलेला अभ्रा मापला. मग दुसरा, मग तिसरा.

"आई," ती हळूच म्हणाली, "तू शिलाईचे धरलेच नाहीस."

सहा अभ्रे वाया गेले होते. मी अजिबात ओरडले नाही.