माडीवरचा डबा

"साडेतीनशे वर्षें या घरांत मासा शिरला नाही," शेषगिरीराव म्हणाले. "आज कुरियरांतून आला."

घर एकोणीसशे सत्याऐंशी साली बँकेच्या कर्जातून बांधलेलं होतं. पण तंजावूरच्या मराठी माणसाने ‘घर’ म्हटलं की त्यात राजवाडा, सरस्वती महाल आणि झाडून सारे पूर्वज धरायचे असतात, हे लग्नानंतरच्या पस्तीस वर्षांत त्यांच्या बायकोला, अंबाबाईंना, कळून चुकलं होतं. त्यांनी हिशेब विचारला नाही.

दिवाणखान्यातल्या टेबलावर कॉलेजनचा डबा उभा होता. त्यावर एक बाई स्वतःच्याच गालाला हात लावून हसत होती. शेषगिरीराव चार हात लांबून, भिंतीवरच्या पालीकडे पाहावं तसे त्याच्याकडे पाहत होते. फोनवर त्यांनी सगळं वाचून काढलं होतं. कॉलेजन माशाच्या कातडीपासून काढतात, नाहीतर गुरांच्या. त्यातल्या त्यात मासा हा सौम्य पर्याय त्यांनी स्वतःच निवडला होता.

डबा पाठवला होता मुलीने, विनुताने, बेंगळुरूहून. आईची मुट्टी, म्हणजे उजवा गुडघा, गेल्या मार्गळीपासून धरली होती. मार्गळीचा, म्हणजे धनुर्मासाचा, महिनाभर पहाटे उठून दारात पिठाच्या रांगोळीचा मोठा कोलम काढायचा, हे अंबाबाईंचं आयुष्यातलं एकमेव वैभव. रजिस्ट्रार कचेरीत कारकुनी करताना त्यांना कोणी नावाने ओळखलं नाही, पण पश्चिम राजवीथीच्या मागच्या या गल्लीत लोक ‘कोलमवाल्या मामी’चं घर कुठलं ते सांगत. गेल्या वर्षी मात्र कोलम काढायला त्या उकिडव्या बसल्या त्या बसल्याच. शेवटी दूधवाल्याने उठवलं. दुसऱ्या दिवशी शेषगिरीरावांनी बाजारातून प्लॅस्टिकचा छापील कोलम आणून उंबऱ्यापुढे चिकटवला. "आतां त्रासच नाही," ते म्हणाले होते. तो तेव्हापासून तिथेच होता. झाडणारी त्याच्यावरून केरसुणी फिरवी.

विनुताने फोनवर सांगितलं होतं की रोज सकाळच्या कॉफीत एक चमचा घाल, मार्गळीपर्यंत बसता येईल. नवरात्र अजून यायचं होतं. वेळ होता.

तो डबा कशाचा आहे, हे मुलीलाच विचारता आलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी ती हॉस्टेलवर ऑम्लेट खाते हे बाहेर आल्यापासून या घरात तिच्याशी खाण्याच्या विषयावर बोलायचं नाही, असा अलिखित करार होता. शेषगिरीराव विचारणार नव्हते, कारण त्यांना उत्तर ठाऊक होतं. अंबाबाई विचारणार नव्हत्या, कारण त्यांना ते ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. त्यांना उकिडवं बसायचं होतं.

त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही हृदयासाठी माशाच्या तेलाची गोळी घेत होतां."

"ती गोळी. गिळायची. जिभेला लागलें तर खाणें, घशाला लागलें तर औषध."

यावर शास्त्रार्थ संपला आणि तोडगा निघाला. शेषगिरीराव दुष्ट नव्हते. बायकोने औषध घेऊ नये असं ते कधीच म्हणाले नसते. फक्त डबा स्वयंपाकघरात नको, तिथे नैवेद्य होतो. दिवाणखान्यात नको, येणारेजाणारे अस्के, म्हणजे सगळे, लोक बघतात. न्हाणीघरात ठेवलेलं तोंडात कसं घालायचं? राहिली माडी. विनुताची जुनी खोली रिकामीच होती. डबा तमिळ वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून तिथे ठेवायचा. झाकण तेवढं कागदाबाहेर. शिवाय कपही वेगळा, चिनी मातीचा, गच्चीवरच्या नळाला धुवायचा.

गुंडाळणं अर्थात अंबाबाईंनी केलं. शेषगिरीराव लांबून सूचना देत होते.

तेव्हापासून रोज सकाळी अंबाबाई पहिल्या डिकाशनची कॉफी नवऱ्याला देत, मग आपला दबरा-टंबलर एका हातात धरून जिना चढत. जागा वाचवायला मेस्त्रीने पायऱ्या उंच केल्या होत्या. प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय, मग उजवा ओढून घ्यायचा. वर पोचून चिनी मातीच्या कपात ओतेपर्यंत कॉफी कोमट होई. कोमट कॉफीत ती पूड विरघळत नसे, गुठळ्या वर तरंगत. त्या चमच्याने कपाच्या कडेला चेपत आणि डोळे मिटून पिऊन टाकत. मग उतरणं. उतरताना जास्त दुखे.

शेजारच्या मंगलामामींनी दोन आठवडे हे आपल्या गच्चीवरून पाहिलं आणि मग विचारलंच, "अंबा, घरांत कॉफी पिऊं देत नाहीत कां ग तुज?"

"वारा छान असतो वर," अंबाबाई म्हणाल्या. त्या दिवशी पानही हलत नव्हतं.

कार्तिकात गुडघा सुजला. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, दिवसभर काय काय करता ते विचारलं आणि जिना चढणं बंद करा म्हणाले. कॉलेजनचं विचारल्यावर त्यांनी ‘घेतलंत तर घ्या’ अशी मान हलवली.

रिक्षात अंबाबाईंनी गुडघा दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाल्या, "डबा खालीं आणा."

एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला क्रियापद आज्ञार्थी लावलं नव्हतं. शेषगिरीरावांनी त्या वाक्याचा गंभीरपणे विचार केला. रात्री जेवले नाहीत. सकाळी वेल्डिंगवाल्याला घेऊन आले आणि जिन्याला लोखंडी कठडा बसवून घेतला. हिरवा रंग स्वतः उभं राहून देववला.

"आतां धरून चढ," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरीची काळजी होती, आणि चीड यावी ती त्याचीच.

अंबाबाई कठडा धरून चढत राहिल्या. मार्गळी लागायच्या आदल्या दिवशी डबा संपला. डबा चांगला होता, घट्ट झाकणाचा. कोलमाच्या पिठाला होईल म्हणून त्यांनी धुवायला घेतला, दोरा सोडला, ओला कागद सोलून काढला. हसणाऱ्या बाईच्या पाठीमागे, तळाशी, हिरवा ठिपका होता. खाली लिहिलं होतं की यात आवळा आहे, बांबूचा अर्क आहे आणि कसलंही प्राणिज द्रव्य नाही.

त्यांनी गच्चीवरूनच फोन लावला.

"आपल्या घरांत मासा चालेल काय अम्मा?" विनुता म्हणाली. "मज एवढेंही कळत नाही? तीन दुकानं शोधून तें मिळालें."

"सांगायचें नाही?"

"तुम्ही विचारलें नाही. मज वाटलें, खाण्याचें बोलायचें नाही आपण." मग तिनेच विचारलं, "कसें आहे मुट्टीला?"

"बरें आहे," अंबाबाई म्हणाल्या.

त्यांनी डबा खाली आणून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला, ठिपका समोर करून. शेषगिरीरावांनी चष्मा लावला. पहिल्यांदाच डबा हातात घेतला, फिरवून वाचला, पुन्हा वाचला.

"मग खालीं ठेवायला हरकत नव्हती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीत सडे पडत होते. समोरच्या दारात मंगलामामींची सून ठिपके टाकत होती. अंबाबाई पिठाचा डबा घेऊन उंबऱ्यात आल्या. उकिडवं बसायला गेल्या. गुडघा वाकला नाही. त्या भिंतीला धरून सरळ झाल्या आणि आत हाक मारली.

शेषगिरीराव पंचा सावरत आले.

"हा काढा," अंबाबाईंनी पायाशी पडलेल्या प्लॅस्टिकच्या कोलमाकडे बोट दाखवलं.

"मग दारांत काय?"

"कांहीं नाही."

बायकोच्या हातातल्या डब्यावरचा ठिपका त्यांच्याकडेच वळलेला होता. ते उकिडवे बसले आणि नखाने कोपरा उचकटू लागले. वर्षभराचं चिकटलेलं होतं, तुकड्यातुकड्याने निघत होतं. बराच वेळ ते तसेच बसून होते. मग उठले, कशालाही न धरता.

त्यांचे गुडघे पहिल्यापासून उत्तम होते.