गावोगावी वाटलेली पिल्लं

सकाळी साडेनऊला फोन वाजला तेव्हा सूनबाई प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पलंगावर बसली होती. अंडी उबवायच्या शेडच्या, म्हणजे घरच्या हॅचरीच्या ओल्या फरशीवरून घसरून आठवडा झाला होता. आणखी पाच आठवडे उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण रिकामं बसलेलं माणूस सासऱ्यांना बघवत नसे. त्यांनी अंड्यांच्या खोक्यांवर छापलेल्या नंबरचा फोन तिच्या उशाशी आणून ठेवला. "ग्राहकांच्या तक्रारी असतात. बसल्या बसल्या तेवढं बघ."

सासऱ्यांचा धंदा अंड्यांचा. अंडी उबवून पिल्लं काढायची, माद्या वाढवायच्या आणि त्यांची अंडी विकायची. पिल्लू एक दिवसाचंही नसताना त्याचा पंख बोटांनी पसरून बघायचा. पिसं लांब-आखूड दिसली की मादी, सारखी दिसली की नर. मादी उजव्या क्रेटमध्ये, नर डाव्या. हे काम आठ वर्षं या घरच्या सुनेने केलं. तिचा हात इतका बसला होता की कामगार तिला पारखी म्हणत, आणि पुढे घरातही तेच नाव पडलं.

नर अंडी देत नाही. मग डाव्या क्रेटचं काय होतं, हे तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सासरे म्हणाले होते, "गावोगावी वाटतो गं. गरिबाच्या अंगणात चार पिल्लं खेळली तर आपलं काय जातं?"

भाबडी बाई! आठ वर्षं ती डाव्या क्रेटमध्ये कागदाची एक जास्तीची घडी घालत आली. लांबचा प्रवास आहे, पिल्लांना धक्के बसू नयेत म्हणून.

त्या सकाळचा फोन एका शाळेच्या बाईंचा होता. मुलांना आवारात दहा पिल्लं पाळायची होती, नर असले तरी चालणार होते. पारखीला केवढा आनंद झाला! तिने लगेच हॅचरीच्या मुकादमाला फोन लावला. "वाटपातली दहा पिल्लं बाजूला काढून ठेवा हो."

"कुठलं वाटप, वहिनी?"

"अहो, डाव्या क्रेटचं."

"तो तर मागच्या खोलीत जातो. भरडायच्या यंत्रात."

"जिवंत?"

"आधी मारत बसायला वेळ कुणाकडे आहे?" मुकादम चाचरत म्हणाला, "वहिनी, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

दुपारी नवरा जेवायला घरी आला. त्याला हात धुवायचीही सवड तिने दिली नाही. "तुला माहीत होतं?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "तुला सांगितलं असतं तर तू ते काम केलं असतंस का?"

"नाही."

"म्हणूनच."

पारखी रडली नाही. रागाने तिचं डोकं तापलं आणि ते पुन्हा थंड झालंच नाही. याच घरात तीन वर्षांपूर्वी नातू झाला म्हणून सासऱ्यांनी साऱ्या गल्लीत मिठाई वाटली होती. आणि त्याच माणसाच्या हॅचरीत नर म्हणून जन्माला येणं हाच गुन्हा होता. शिक्षा मागच्या खोलीत होत होती आणि निवाडा तिच्या बोटांकडून करवून घेतला जात होता.

तिने शाळेच्या बाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. मग ज्याचा फोन येईल त्या प्रत्येकाला सांगायला लागली.

"एक अंडं फुटकं निघालं? बदलून देऊ. पण ते घालणाऱ्या कोंबडीच्या भावांचं काय झालं, ते ऐकायला दोन मिनिटं आहेत का?"

काही जण शिव्या देऊन फोन ठेवत. कुणी विचारी, "बाई, तुम्ही कंपनीच्याच ना?" ती म्हणे, "कंपनीच्या घरातलीच." कुणी विचारी, मग खायचं काय? ती डाळी, कडधान्यं, शेंगदाणे असं सगळं सांगत बसे. एका आजोबांनी काकुळतीला येऊन विचारलं, "निदान चहातलं दूध तरी राहू द्याल?" ती म्हणाली, "त्या गाईच्या गोऱ्ह्याला विचारा. सापडला तर." तिच्या स्वतःच्या ताटात आता अंडं नव्हतं आणि कपात दूध नव्हतं.

"बाबांना कळलं तर घरातून काढतील तुला," नवरा म्हणाला.

"काढू देत. पण त्यांना उचलून न्यावं लागेल मला."

चौथ्या दिवशी एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघर-प्रमुख बाईंनी फोन केला. सासऱ्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पारखीचं शेवटपर्यंत ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मला हे मालकांच्या तोंडून ऐकायचंय. सहा वाजता पुन्हा फोन करते." पारखीने सासऱ्यांना निरोप दिला.

सासरे मुलाला घेऊन साडेपाचलाच तणतणत आले. "घर बुडवायला निघालीस?"

"हो."

"याच धंद्यावर तुझं पोर वाढतंय!"

"आणि माझे हात? खरं कळलं तर मी एक दिवसही त्या कामाला बसणार नाही, हे ओळखून तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. माझ्याच हातांनी सगळं करवून घेतलंत."

सासरे जरा नरमले. "बरं, चुकलं. माफ कर. झालं समाधान?"

"मला माफी नकोय, बाबा. मला तुमची फजिती बघायचीय."

सहा वाजता फोन वाजला. पारखीने स्पीकर लावला आणि फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"मालक, तुमच्या सूनबाई म्हणतात ते खरं आहे का?"

"छे हो! पाय मोडल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. नर पिल्लं आम्ही गावोगावी वाटतो."

"अरे वा. कुठल्या गावात? एक नाव सांगा, मी चौकशी करते."

सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने मान खाली घातली. आठ वर्षांत त्यांनी एका गावाचं नावसुद्धा ठरवून ठेवलं नव्हतं. घरच्या सुनेला फसवायला तेवढ्याचीही गरज पडली नव्हती.

"मालक?"

"मारतो," ते पुटपुटले.

"मोठ्याने बोला, बाबा," पारखी म्हणाली. "बाईंना ऐकू गेलं नाही."

"मारतो! यंत्रात घालतो! सगळेच घालतात!"

पलीकडून बाई म्हणाल्या, "उद्यापासून गाडी पाठवू नका."

सासऱ्यांनी त्याच आठवड्यात तो नंबर बंद करवला. पारखी आता स्वतःच्या फोनवरून, त्याच पलंगावर बसून, त्यांच्या एकेका गिऱ्हाइकाला गाठते. सासरे बाहेरच्या खोलीत कानांवर हात ठेवून बसतात. तिला अजून त्यांची कीव आलेली नाही, आणि ती यावी असं मलाही वाटत नाही.

पण मालक शेवटी एक गोष्ट खरी बोलून गेले. जे ते करत होते, तेच त्या धंद्यातले बहुतेक जण करतात. तेव्हा वाचकहो, तुमच्या ओट्यावरच्या खोक्यावरही एखादा नंबर असेल. आज तो फिरवा. पलीकडून कुणी गोड आवाजात काहीबाही सांगू लागलं, तर फक्त गावाचं नाव विचारा.