एकच जबडा, दोन पारडी

मंडळी, घरात कुणाचं डोकं दुखलं तर सगळं घर डॉक्टर होतं, हे काही मी सांगायला नको. पण जबडा दुखला तर? तर अख्खी गल्ली डॉक्टर होते! कारण ज्याला दुखतंय त्याला तोंड उघडून ‘नको’ म्हणता येत नाही.

गल्लीच्या टोकाला दुकानांतली वजनमापं तपासणारे एक साहेब राहत. लोक त्यांना तराजूसाहेब म्हणत. माणूस इतका चोख, की चहाचे दोन कप समोर आले तर दोन्ही उचलून जड कोणता ते आधी सांगायचा, मग प्यायचा. त्यांची बायको घरीच कपडे शिवायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, खिडकीला टांगलेले अर्धवट झगे आणि बाईंच्या दातांत धरलेल्या टाचण्या.

त्या बाईंचा जबडा धरला. सकाळी उठावं तर कानापासून हनुवटीपर्यंत ठणका. पाव चावायचा म्हणजे संकट.

“शेक दे,” सासूबाई म्हणाल्या. “गरम पाण्याची पिशवी. दुसरं काही लागत नाही.”

“काहीतरीच काय आई! बर्फ लावायचा,” नणंद म्हणाली. “आमच्या व्यायामशाळेतल्या बाई बर्फानंच बऱ्या झाल्या.”

“जबडा दुखत होता त्यांचा?”

“गुडघा. पण दुखणं ते दुखणं!”

तराजूसाहेबांनी हात वर केला. “भांडू नका, तुलना करू. डावा गाल आईचा, उजवा ताईचा. माणूस एक, जबडा एक. याहून चोख कसोटी कुठली?”

“अहो, पण मला...” बाईंनी तोंड उघडलं.

“तू बोलू नकोस. जबड्याला त्रास होतो.”

झालं! डावीकडे वाफा, उजवीकडे बर्फ. नाकाखाली ढग जमून हनुवटीवर पाऊस पडला, असं शेजारी आजही शपथेवर सांगतात. गल्लीत दोन तट पडले. डाव्या पक्षानं लवंगेचं तेल चोळलं, तर उजव्यानं हनुवटीपासून टाळूपर्यंत पट्टी बांधली. कुणी म्हणालं, जबडा कमजोर झालाय, त्याला कामाला लावा. म्हणून बाईंना चघळायला रबरासारखी गोळी दिली. संध्याकाळी साहेब कामावरून आले की विचारायचे, “काय फरक?” कुणाला विचारायचे? आईला आणि ताईला!

शेवटी बाईंच्या तोंडात चहाचा चमचा जेमतेम शिरू लागला. साहेबांनी निकाल लावला. “दोन्ही गाल सारखेच. म्हणजे दोष दाढांत आहे. डावीकडची दाढ काढू, उजवीकडची ठेवू, मग बघू.”

आणि वाचकहो, धक्का बसावा अशी गोष्ट ही, की त्या घरात हे कुणालाच वेडेपणाचं वाटलं नाही! बाईंचे डोळे भरून आले, तर सासूबाई म्हणाल्या, “घाबरू नकोस, एकच तर दाढ आहे.”

दवाखान्यातल्या दंतवैद्य बाई वयस्क होत्या, आवाज मात्र करवतीसारखा. त्यांनी विचारलं, “कुठली दाढ दुखते?”

“डावीकडची मागची,” साहेब म्हणाले.

“पुढची,” सासूबाई म्हणाल्या.

“उजवीकडचीसुद्धा,” नणंद म्हणाली.

“तुम्हा तिघांचीही बघते नंतर. आता हिला बोलू द्या!”

चमचाभर उघडलेल्या तोंडातून बाई म्हणाल्या, “दाढ दुखतच नाही माझी.”

“काय?” साहेब खुर्चीतून उठलेच. “मग बोलली का नाहीस?”

“बोलत होते. तुम्हीच म्हणालात, बोलू नकोस.”

दंतवैद्य बाईंनी एकेक दाढ ठोकून पाहिली. ठणठणीत! मग गालाचा स्नायू बोटानं दाबला, तशा बाई कळवळल्या.

“अहो साहेब, निरोगी दाढ उपटायला आणलीत? स्नायू दुखतोय हिचा! काढलेली दाढ परत उगवते का? शेक, विश्रांती, मऊ जेवण, जबड्याचा हलका व्यायाम, हे सोसलं नाही तर थांबवता येतं. जे मागे घेता येतं, ते आधी करायचं.”

“शेकच ना! मी म्हटलंच होतं,” सासूबाई फुलल्या.

“कुणाला शेकानं बरं वाटतं, कुणाला गारव्यानं. ते गाल ज्याचा त्यानं सांगायचं, आजी.” मग त्या बाईंकडे वळल्या. “दिवसभर काय करता?”

“शिवते. टाचण्या दातांत धरून.”

“टाचण्यांना उशी नाही?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “पण तोंडात टाचण्या असल्या की कुणी काही विचारत नाही. एरवी बोलायला जावं तर वाक्य मधेच तोडतात. त्यापेक्षा दात आवळून बसलेलं बरं वाटतं.”

आता तराजूसाहेब वरमले. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं माप पकडलेला माणूस, आणि घरात बायकोच्या शब्दाला वजनच दिलं नव्हतं! “चुकलं माझं,” ते पुटपुटले. “आज ही निरोगी दाढ माझ्या हुशारीपायी गेली असती!”

त्या दिवसापासून टाचण्या उशीत गेल्या. ओठ मिटलेले पण दात सुटे, असं बसायची बाईंनी सवय लावली. शेक दोन्ही गालांना, कारण तो बरा वाटतो असं त्या स्वतः म्हणाल्या. जेवताना त्यांचं वाक्य संपेपर्यंत बाकीच्यांनी घास थांबवायचा, असं ठरलं. पहिलंच वाक्य निघालं, “हे पडदे मला लग्नापासून आवडत नाहीत.” सासूबाईंना ठसका लागला. पडदे त्यांनी निवडले होते.

हळूहळू ठणका उतरला. मग शेजारीणबाई नवा लेप घेऊन आल्या. साहेबांनी त्यांना दारातच थांबवलं. “मला नका विचारू, वहिनी. तिला विचारा.”

बाईंनी मशीनवरून मान वर केली आणि उत्तर म्हणून अशी लांबरुंद जांभई दिली, की खिडकीतले झगे आत ओढले गेले! सगळे दातसुद्धा दिसले, एकही कमी नाही. “नको हो वहिनी,” त्या म्हणाल्या, “बरी आहे मी.”

तेव्हा नागरिकहो, उपायांची तुलना जरूर करा. पण जाणत्या डॉक्टरला दाखवा, आणि कोणता उपाय लागू पडला ते ज्याचा जबडा आहे त्याच्याच तोंडून ऐका. मधे बोलू नका!