दाव्याला पातं

"ही बाटलीचं बूच काढायची," असं म्हणत लालासाहेबानं चाकूच्या पोटातून आणखी एक वाकडी सळई बाहेर ओढली. "ही डबा फोडायची. ह्यो दातकोरणा, आनि ही बारकी कात्री. मिलिट्रीचा माल हाय वैनी. सायेब लोक वापरत्यात."

साळूबाईनं चाकू घेतला, उलटापालटा केला आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून टाकावा तसा परत फडक्यावर टाकला.

"पुराच्या पान्यात हुबं ऱ्हाऊन बाटली कोन उघडतंय, भाऊ?"

लालासाहेब हसला. फौजेतून पेन्शनीत आल्यावर त्यानं कराडच्या बाजारात हे दुकान मांडलं होतं. दुकान म्हणजे चार फळ्या, पुढं धार लावायचं चाक आणि चाकाखाली पाण्याचं घमेलं. बायका यायच्या त्या विळ्या आणि अडकित्ते घेऊन. खिशातला चाकू मागणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटली होती.

"मग कशाला पायजे सांगा की. त्येच्या हिशेबानं दावतो."

"दावं कापाय."

शेजारी उभ्या असलेल्या आकारामनं, तिच्या नवऱ्यानं, मान दुसरीकडं वळवली. "कापाय न्हाई हो," तो हळूच म्हणाला. "घरात असावा म्हनून."

"कापायच," साळूबाई म्हणाली.

त्यांच्या गावात गाईच्या दाव्याला लोखंड लावत नसत. दाव्याला पातं लावतो तो खाटीक. धन्यानं गाठ बोटांनी सोडायची, गाय विकली तरी आणि मेली तरी. गाव नदीकाठचं, पण पूर आल्यावर काय करायचं हे त्या रिवाजात कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

गेल्या श्रावणात नदी गोठ्यात शिरली. साळूबाईनं अंथरुणाला खिळलेल्या सासूला पाठीवर घेतलं आणि देवळाचा चढ धरला. गोठा आकारामकडं होता. खिडकीत विळा अडकवलेला होता, हात लांब केला की लागणारा. त्यानं हात लांब केला नाही. भिजून फुगलेल्या गाठीशी तो झटत राहिला. पाणी छातीला लागल्यावर भावकीतल्या पोरांनी त्याला काखेत धरून ओढून काढला. गाय दाव्याला राहिली. बहात्तरच्या दुष्काळात लिंबाचा पाला घालून, स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून जगवलेली ती गाय.

पाणी ओसरल्यावर गोठ्यात पहिलं पाऊल साळूबाईनं टाकलं. गाय फुगून दावणीवर आडवी झाली होती, नाकपुड्यांत गाळ भरला होता, आणि गळ्यातलं दावं मांसात इतकं रुतलं होतं की दिसत नव्हतं. तो वास महिनाभर तिच्या लुगड्याला, केसांना, भाकरीच्या पिठालासुद्धा येत राहिला. तरी त्या वासाची तिला जितकी किळस आली नाही, तितकी पुढं देवळातल्या प्रकाराची आली.

कीर्तन म्हणजे साळूबाईचा जीव. लहानपणापासून आरती झाल्याशिवाय ती कधी कीर्तनातून उठली नव्हती. पूर ओसरल्यावर देवळात कीर्तन झालं, त्या रात्री बुवांनी मगरीनं पाय धरलेल्या हत्तीचं आख्यान लावलं होतं. गळा असा लागला होता की मृदंगवाल्याचेही डोळे भरले होते. तेवढ्यात गावच्या पुढाऱ्यानं उठून बुवांना थांबवलं, आकारामला पुढं बोलावलं, गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला आणि म्हणाला, "गाय गेली, पर गड्यानं दाव्याला पातं लावलं न्हाई. ह्येला म्हनत्यात धर्म." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आकाराम खाली मान घालून उभा राहिला. साळूबाई भर कीर्तनातून उठली आणि घरी आली. मागाहून आकाराम नारळ घेऊन आला, तो नारळ तिनं उकिरड्यावर फेकला. देवाचा नारळ उकिरड्यावर टाकू नये हे तिला कळत होतं. पण तो देवाचा नव्हता.

आता त्या गाईची पाडी गाभण होती. पाऊस लागला होता, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. सासू अजून अंथरुणातच. नदी चढली तर साळूबाईला पुन्हा तिला पाठीवर घ्यावं लागणार, आणि गोठ्यात पुन्हा आकाराम असणार. म्हणून त्याला हाताला धरल्यासारखं तिनं एसटीत बसवून आणलं होतं.

"ह्यो बगा." लालासाहेबानं दुसरा पुढं केला. गुलाबी मुठीवर सिनेमातल्या नटीचं चित्र.

"ही काय दावं कापनार? हिलाच बुडताना काढाय लागंल."

तिसरा खटक्याचा. कळ दाबली की पातं सटकन बाहेर. तिनं चाकाखालचा चिखल बोटावर घेऊन खटक्यात भरला आणि कळ दाबली. पातं निम्म्यावर अडकलं. "मवाल्याचं काम हाय ह्ये," म्हणून तिनं तोही बाजूला सारला.

"आवं वैनी, माल नासवता का बगता?" लालासाहेब म्हणाला; पण त्यालाही आता गंमत वाटू लागली होती. त्यानं चौथा दिला, पितळी मुठीचा. पात्यावर नख घालून उघडायला खाच होती.

साळूबाईनं तो नवऱ्याकडं दिला. "उघडा."

आकारामनं अंगठा खाचेत घातला. अंगठा घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. दोन्ही अंगठ्यांची नखं त्या गाठीवर उखडली होती, आणि परत आली ती कवचासारखी, जाड, बोथट, वाकडी. धारेसाठी थांबलेल्या दोन बाया बघू लागल्या. त्यानं तिसऱ्यांदा घातला.

"ऱ्हाऊ द्या," साळूबाईनं चाकू काढून घेतला. तिचा आवाज थोडा उतरला होता. "नखाबिगर उघडनारा दावा, भाऊ."

लालासाहेबानं फळीखालचं खोकं ओढलं आणि तळातून एक जुनाट, काळपट चाकू काढला. पातं रुंद, घडी घातली तरी पाठ मुठीबाहेर डोकावणारी. चिमटीत धरलं की उघडत होतं. मूठ खरबरीत. "ह्यो दिसाय वंगाळ हाय. पर हात ओला असू दे, तेलकट असू दे, सुटायचा न्हाई. शिंगाची मूठ हाय."

आकारामनं पुढं केलेला हात मागं घेतला. "कुनाचं शिंग?"

"शिंगाला काय नाव असतंय का पाव्हणं."

"ह्ये मी गोठ्यात न्हेनार न्हाई." त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले. "तिच्या लेकीम्होरं ह्ये धरू? लोकं काय म्हनतील?"

"लोकं नारळ देत्याल," साळूबाई म्हणाली. "मगरीनं हत्तीचा पाय धरला तवा देव काय तिचं त्वांड बोटांनी उचकटत बसला व्हता? चक्र सोडलं त्येनं. कापलं आनि मोकळं केलं. तुमी देवापरास सोवळं हाय व्हय?"

आकाराम घमेल्यातल्या पाण्याकडं बघत राहिला. बोलला तो पाण्याशी बोलावं तसं.

"ती दावं वढत न्हवती, साळू. जरा सुदीक न्हाई. मी सोडनार म्हनून हुबी व्हती."

हे त्यानं वर्षभरात कुणाला सांगितलं नव्हतं. देवळात नाही, घरात नाही.

लालासाहेबानं न विचारताच शेजारच्या दोरवाल्याकडचं नवं दावं घेतलं, घमेल्यात बुडवलं, दाबून धरलं. नीट भिजल्यावर त्यानं ते दुकानाच्या खांबाला आवळून बांधलं आणि शिंगाचा चाकू आकारामसमोर धरला.

आकारामनं पाठीमागचे हात सोडले. मूठ धरली. चिमटीनं पातं उघडलं. दाव्यावर टेकवलं आणि तसाच थांबला. मग ओढलं.

एका ओढीत दावं तुटलं. आवाजसुद्धा झाला नाही. टोक खांबाला लोंबत राहिलं, त्यातून पाणी ठिबकू लागलं.

"एवढंच?" आकाराम म्हणाला.

त्यानं जमिनीवर पडलेला तुकडा उचलला, गुडघ्याखाली धरला, कापला. उरलेला पुन्हा कापला. मग आणखी एकदा. तुकडे पायाशी पडत होते, आणि वितीएवढा उरलेला शेवटचा तुकडा त्याच्या गुडघ्याखालून सारखा निसटत होता.

साळूबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिनं तुकड्याचं एक टोक दोन्ही हातांनी धरलं आणि त्याला कापता यावं म्हणून ताणलं.