आनंदाबाईचा बाप्तिस्मा

आमच्या ह्यांना देवाने आवाज दिला होता, सूर द्यायचा तेवढा राहून गेला. तरी अल्लीपूरच्या गावाबाहेरच्या पुऱ्यात लोक त्यांची येशूची गाणी ऐकत बसायचे. गाण्यासाठी नव्हे, माणसासाठी. आज तिथे अच्युतमास्तर म्हटलं तर कोण ओळखणार? मला मात्र कापूस फुटायला लागला की अजून ते दिवस आठवतात आणि जीव कासावीस होतो.

हे मिशनचे प्रचारक. गावोगाव शुभवार्ता सांगायची, हे त्यांचं काम. पण चौकात उभं राहून उपदेश करणं त्यांना कधी जमलं नाही. ते आपले पुऱ्यातल्या बापूरावच्या ओट्यावर जाऊन बसायचे. बापूराव दोर वळत असला तर एक टोक धरायचे आणि पीळ देता देता गोष्ट सांगायचे. कुणाला ताप आला की कोयनेल द्यायचे, कुणाच्या पोराला अक्षरं गिरवून द्यायचे. मी म्हणायचे, "अहो, तुम्ही प्रचारक आहात की पुऱ्याचे घरगडी?" त्यावर नुसते हसायचे. त्यांचे वडीलही असल्याच पुऱ्यातून मिशनमध्ये आलेले. गावच्या विहिरीवरून हाकलून दिलेल्या माणसाच्या मनात काय चालतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

बापूरावची म्हातारी आई, आनंदाबाई, ओट्यावरच्या बाजेवर पडून असायची. कमरेतून गेलेली, डोळे अधू, कान मात्र शाबूत आणि जीभ त्याहून. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, ही गोष्ट ह्यांनी एकदा अगदी रंगवून सांगितली. म्हातारी म्हणाली, "आन त्या पोराची माय कुठी होती मास्तर? तिचं तं तू नावच नाई घेतलं!" हे पुढे आठवडाभर शास्त्र चाळत होते. मी पोट धरून हसले.

इतक्या वर्षांत त्या गावातलं एकही घर ख्रिस्ती मंडळीत आलं नव्हतं. हे वरून दाखवायचे नाहीत, पण झुरायचे. "सुधा, माझंच सांगणं कुठेतरी कमी पडतं," म्हणायचे. आणि एका पावसाळ्यात बापूराव आपणहून म्हणाला, "मास्तर, औंदाच्या नाताळात आमाले घ्या तुमच्यात." त्या दिवशी हे जेवलेसुद्धा नाहीत, आनंदाने. वर्ध्याला पाळकसाहेबांकडे निरोप गेला. मी बापूरावच्या बायकोसाठी, पंचफुलासाठी, चोळी शिवायला घेतली.

ते साल छप्पन्न. दसरा जवळ आला तशी नागपूरच्या दीक्षेची बातमी पुऱ्यात आली, आणि बघता बघता सगळा पुरा उठून उभा राहिला. जिकडे पाहावं तिकडे पांढरी लुगडी, पांढरी धोतरं वाळत घातलेली. बापूराव आमच्या दाराशी आला, पण आत बसेना.

"मास्तर, तुमचा येशू मले कधीच परका नाई वाटला," तो म्हणाला. "पन आता सारा पुरा एकसंग उठून राह्यला. आमचं आमी उभं राहून राह्यलो. मी एकटा वेगळा कसा निघू?"

"मग इतकी वर्षं तू ऐकलंस तरी काय?" हे जरा तडकूनच म्हणाले.

बापूराव खाली मान घालून गेला. मला त्याचा असा राग आला की शिवत होते ती चोळी मी पेटीच्या तळाशी कोंबली. ह्यांनी जेवण टाकलं. आनंदाने नव्हे, यावेळी.

दुसऱ्या दिवशी कळलं की बापूरावचं जाणंच अडलं आहे. म्हातारीला गाडीत घालून नेणं शक्य नव्हतं आणि मागे राहायला पुऱ्यात कुणी तयार नव्हतं. पंचफुला म्हणे, मी थांबते, तुम्ही जा. तो म्हणे, तू जा. दोघांचेही डोळे भरलेले. हे ऐकलं आणि आमचे हे पायात वहाणा अडकवून तडक तिकडे गेले.

"तुम्ही दोघंही जा," त्यांनी सांगितलं. "मायजवळ आम्ही थांबतो."

आम्ही! मला विचारलंसुद्धा नाही. घरी आल्यावर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "ज्यांनी आपल्याकडे पाठ फिरवली, त्यांच्या म्हातारीचं हगणंमुतणं आपण काढायचं?" हे एवढंच म्हणाले, "तुला नाही जमलं तर मी काढीन."

मग मीही गेले मुकाट्याने. दुसरं करणार काय!

पुरा रिकामा झाला. शेळ्या, कोंबड्या आणि आम्ही. हे प्रत्येक घरच्या शेळ्यांना पाणी पाजत फिरायचे, म्हातारीला ताक-कण्या भरवायचे, तिची कूस बदलायचे. शास्त्राचा एक शब्द तोंडातून काढला नाही, गाणंही म्हटलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बेसूर गाण्याची वाट पाहिली.

एका दुपारी म्हातारी बाजेवरून म्हणाली, "मास्तर, मले दे तुह्यावालं ते पानी."

"तांब्या देऊ, माय?"

"प्याचं नाई रे. बाप्तिस्म्याचं."

 अडीअडचणीला प्रचारकाने बाप्तिस्मा दिला तर चालत होता. मी धावत जाऊन तांब्या भरून आणला. "द्या," म्हटलं, "देवानेच पाठवलं."

ह्यांनी तांब्या हातात घेतला. पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. मग तांब्या खाली ठेवला.

"सुधा, लेकाच्या माघारी त्याच्या घरातली शेळीसुद्धा कुणी नेत नाही."

"मी काय शेरडी हाव?" म्हातारी चिडली. "माह्या मनानं मांगून राह्यली मी!"

"मग बापूरावसमोर माग, माय. तेव्हा देतो."

आणि हे उठून घरामागे गेले. थोड्या वेळाने मी पाहिलं तर भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडत होते.

मंडळी परत आली ती वेगळीच होऊन. पांढऱ्या कपड्यांवर वाटेची धूळ, पण चेहरे असे उजळलेले की माझा राग कुठे गेला, मलाच कळलं नाही. पंचफुलाने मला घट्ट मिठी मारली. बापूराव ओट्यावर टेकतो न टेकतो तोच ह्यांनी त्याला घडलं ते सगळं सांगून टाकलं.

बापूरावचा चेहरा कसनुसा झाला. आईजवळ बसून म्हणाला, "माय, खरं हाय काय हे?"

"खरं हाय."

"काऊन वो? आमी तिकडं गेलतो, आन तू..."

म्हातारी जराशी लाजली. "तुमी सारे एकसंग गेले. ह्याच्याजवळ कोनी राह्यलं काय? दिवसभर शेरड्याइले पानी पाजे, मले चारे, आन गानं नाई का बोलनं नाई. मले वाटलं, एक तं मानूस पाह्यजे ना बिचाऱ्याच्या बाजूनं. म्हनलं, मीच राहीन."

 मग बापूरावच म्हणाला, "द्या मास्तर तिले पानी. माही ना नाई."

ह्यांनी 'आता पाणी कशाला' म्हणून मान हलवली. हसत होते आणि डोळ्यांतून धार लागली होती. बाजेजवळ खाली बसून त्यांनी म्हातारीचा हात आपल्या कपाळाला लावला. इतकी वर्षं त्या ओट्यावर बसून हे येशूच्या गोष्टी सांगत आले, आणि कुणी ऐकतं की नाही म्हणून झुरत आले. म्हातारीने सगळं ऐकलं होतं.