डॉक्टर प्रातेस यांनी आणलेला दिवा

डॉक्टर ओतासिलियो प्रातेस यांनी तो खोका टेबलावर ठेवला, तेव्हाच जुसाराच्या डोक्यात तिडीक गेली होती. पण ती काही बोलली नाही. पुढे जे झालं त्यात तिला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर या न बोलण्याचा.

जुसारा बोन्फांते सत्तेचाळीस वर्षांची. आधी विद्यापीठाच्या समुद्रविज्ञान विभागात प्रयोगशाळा सांभाळायची. ती नोकरी गेली तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, ब्राझीलमधल्या व्हितोरिया शहरात लोकांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळत होती. पुलापलीकडे विला व्हेल्याला तिचं घर, आणि घराच्या मागच्या पडवीत तिच्या स्वतःच्या चार टाक्या. त्यांत ती प्रवाळ वाढवायची. अंगठ्याएवढा तुकडा आणायचा, दगडावर चिकटवायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. हे काम ज्याला घाई नाही त्याचं.

दातांच्या या डॉक्टरांना दवाखान्याच्या बैठकीच्या खोलीत छोटीशी टाकी हवी होती. सत्तर लिटरची, फार तर दोन वीत खोल. आत खरे प्रवाळ, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन विदूषक मासे. पोरं खुर्चीवर बसायला घाबरतात, मासे बघून जरा गप्प बसतील, असा त्यांचा हिशेब. टाकी जुसाराने लावली, पाणी दोन महिने मुरवलं आणि आपल्या पडवीतले प्रवाळ आणून आत मांडले. बटणांसारखे, छत्र्यांसारखे, आणि मधोमध तिचा हिरवा हातोडी प्रवाळ. सहा वर्षांपूर्वी त्याचं एकच तोंड होतं. आता नऊ झाली होती, आणि पाणी हललं की शंभरएक हिरवी बोटं एकदम डुलायची. तो तिने विकला नव्हता, नुसता ठेवला होता. येणारेजाणारे बघतील, विचारतील, चार कामं मिळतील, हा त्यात तिचा स्वार्थ.

राहिला होता फक्त दिवा. तोवर तिने आपलाच एक जुना एलईडी दिवा वर टांगला होता. कायमचा कोणता घ्यायचा ते ठरवायला ती तीन दिव्यांची माहिती कागदावर लिहून घेऊन गेली होती.

"हा काळा, साधा दिसणारा," ती म्हणाली. "निळा उजेड आणि पांढरा उजेड यांची बटणं वेगळी आहेत. प्रवाळ वाढतात ते मुख्यतः निळ्यावर. पांढरा आपल्या डोळ्यांसाठी. याला पंखा नाही, म्हणजे खाऱ्या हवेत गंजून खरखर करायला काही नाही. एवढ्याशा टाकीला हा पुरतो."

डॉक्टरांनी कागद हातातही घेतला नाही. "तू हे बघ," ते म्हणाले आणि खोका उघडला.

मेहुण्याने मायामीहून आणलेला दिवा होता. चकचकीत, ट्रेएवढा, पोटाला तीन पंखे. फोनवरून चालणारा. सूर्योदय, सूर्यास्त, ढग, चांदणं, वादळ, विजांचा कडकडाट, सगळं त्यात.

"डॉक्टर, हा याच्या तिप्पट खोल टाकीसाठी आहे."

"मग तिप्पट वाढतील."

"तसं नसतं. यांच्या अंगात शेवाळ राहतं, त्यावर हे जगतात. उजेड झेपेनासा झाला की ते शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. मग उपाशी मरतात."

"जुसारा, अगं दिवा आहे, जल्लाद नाही." ते हसले, आणि कागदपत्रं लावत बसलेल्या मारिनेसकडे बघून त्यांनी तिलाही हसायला लावलं. मारिनेस म्हणजे त्यांच्याकडे नावं लिहून घेणारी बाई, अकरा वर्षं तिथेच. ती हसली, पण तोंडापुरती.

याच क्षणी जुसाराने म्हणायला हवं होतं की हा दिवा लावायचा असेल तर माझे प्रवाळ मी घेऊन जाते. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एक वकील होता, सातव्यावर हाडांचा दवाखाना होता, आणि डॉक्टरांच्या शब्दावर दोन्ही कामं मिळाली होती. ती म्हणाली, "तुमची मर्जी, डॉक्टर."

मग तिने निदान करता येईल ते केलं. दिवा पाण्यापासून जेवढा उंच टांगता येईल तेवढा टांगला. फोनवर उजेड कमीजास्त करायच्या सगळ्या रेघा पाचव्या हिश्शावर आणून ठेवल्या. दर आठवड्याला किती वाढवायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून कागद टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. खाली ठळक लिहिलं, यापेक्षा जास्त नको. मारिनेसला दोनदा वाचून दाखवलं. पहिले दोन आठवडे हातोडी प्रवाळ मजेत होता.

तिसऱ्या आठवड्यात सोमवारी ती बादल्या घेऊन आली आणि दारातच थांबली.

दिवा खाली आला होता, पाण्यापासून वीतभरही नाही. खोलीभर निळाजांभळा उजेड पडला होता, भिंतीवरच्या दातांच्या चित्रावरसुद्धा. आणि खाली टाकीत हातोडी प्रवाळाची बोटं आत ओढलेली, अंग हाडासारखं पांढरं. दोन तोंडांवरचं मांस सुटून पाण्यात लोंबत होतं. बटणं मिटलेली. छत्र्या दगड सोडून मागे अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन पडल्या होत्या. त्यांना पाय असते तर त्या दाराबाहेर गेल्या असत्या.

जुसाराने बादल्या खाली ठेवल्या. तिने प्लग उपटला.

डॉक्टर आतून बाहेर आले, हातात मोजे तसेच. खोलीत चार रोगी बसले होते.

"आलीस? बघ काय करून ठेवलंयस. तुझ्या पाण्यात रोग आहे."

"दिवा खाली कोणी घेतला?"

"दिव्याचं काय काढलंस? दिवा उत्तम आहे. सगळ्यात महाग आहे. तू त्या विला व्हेल्याच्या पडवीतून घाण उचलून आणलीस आणि माझ्या टाकीत घातलीस."

"मी विचारतेय, दिवा खाली कोणी घेतला?"

"आवाज खाली. हा दवाखाना आहे."

ते आत गेले आणि दार लागलं. मारिनेस वहीत डोकं घालून बसली होती. जुसाराने पाणी तपासलं. खारटपणा ठीक, ऊब ठीक, बाकी सगळं ठीक. रोग असता तर तिला बरं वाटलं असतं, इतका तिला राग आला होता. पण त्या पाण्यात काही चूक नव्हती.

गोष्ट इथे संपली असती तर ती घरी जाऊन भांडी आपटून गप्प बसली असती. पण बुधवारी वकिलाचा निरोप आला की आता येऊ नका. गुरुवारी हाडांच्या दवाखान्याचा, आणि त्यांनी सोबत कारणही पाठवलं होतं. डॉक्टरांनी इमारतीच्या फोनवरच्या गटात मेलेल्या टाकीचा फोटो टाकून लिहिलं होतं की ही बाई रोगट प्राणी विकते, सावध राहा. विकते. तिने तो शब्द चार वेळा वाचला. जो जीव तिने एका पैशालाही दिला नव्हता, त्याबद्दल.

शुक्रवारी ती विद्यापीठात गेली. तिची जुनी मैत्रीण अजून प्रयोगशाळेत होती. तिच्याकडून तिने पाण्याखालचा उजेड मोजायचं यंत्र मागून आणलं. लांब तार, टोकाला पांढरं बटण, हातात आकडा दाखवणारी डबी.

"भांडायला चाललीस?" मैत्रिणीने विचारलं.

"मोजायला."

"तुझ्या तोंडावरून तसं वाटत नाही."

दवाखान्यात सकाळची गर्दी होती. एक बाई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. कोपऱ्यात सेऊ अमारो नावाचे एक म्हातारे होते, गाल सुजलेला, आयुष्य बंदरात जहाजं सांधण्यात गेलेलं. जुसाराने कोणाला काही न विचारता दिव्याचा प्लग लावला, झाकण काढलं आणि तार पाण्यात सोडली. डॉक्टर बाहेर आले ते हा प्रकार बघूनच.

"हे काय चालवलंयस?"

"तुमच्या दिव्याची तपासणी. हातोडी प्रवाळाला इथे साधारण शंभर, सव्वाशे लागतो. मी टांगला होता तसा तो हिशेबाने नव्वद होता. आता वाचा." तिने डबी त्यांच्यासमोर धरली. आकडा सातशेऐंशीच्या आसपास नाचत होता.

"तुझ्या हातातली डबी काहीही दाखवेल."

"मग तुम्ही धरा."

त्यांनी धरली नाही. "मी दातांचा डॉक्टर आहे, मला विज्ञान शिकवू नकोस. उजेडाने कधी कोणी मरतं का?"

कोपऱ्यातून सेऊ अमारो बोलले. सुजलेल्या गालामुळे शब्द अर्धे आतच राहत होते. "डॉक्टर, मी एकतीस वर्षं वेल्डिंग केलं. एकदा मुखवटा न लावता काम केलं, तर रात्रभर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन लोळत होतो. मला कोणी विचारलं नाही की तू पाणी कुठलं प्यालास."

मांडीवरची मुलगी हसली. तिच्या आईने तिला दटावलं आणि स्वतःच हसली.

डॉक्टरांचे कान लाल झाले. "मी त्या दिव्याला हातसुद्धा लावलेला नाही," ते म्हणाले.

तेव्हा मारिनेसने पेन खाली ठेवलं. "तुम्ही नाही लावला. मला लावायला लावला. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी. तुमचे मेहुणे आले होते, त्यांना वादळ बघायचं होतं. सगळ्या रेघा वरपर्यंत ओढ म्हणालात. दिवा खाली घे म्हणालात, चित्रफितीत नीट दिसत नाही म्हणून. मी कपाटातला कागद दाखवला, तर म्हणालात, तो कागद फेकून दे."

"मारिनेस, फोन घे."

"फोन वाजत नाहीये, डॉक्टर."

टाकीवरचे तीन पंखे तेवढे घरघरत होते. मारिनेसने खणातून चुरगळलेला कागद काढून टेबलावर सरळ केला. तिने तो फेकला नव्हता. "मी सोमवारीच बोलायला हवं होतं," ती जुसाराला म्हणाली. "अकरा वर्षांची सवय. जीभ वळत नाही."

जुसाराला तिच्यावरही ओरडायचं होतं. पण ओरडणार कोणत्या तोंडाने? तिची स्वतःची जीभ तरी कुठे वळली होती?

"त्या गटात लिहा," ती डॉक्टरांना म्हणाली. "जे आत्ता इथे ऐकलं तेच. एवढंच हवंय मला."

"मी काही लिहिणार नाही. तुझा कचरा उचल आणि चालू लाग."

"कचरा," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की मुलीची आई पुढे झुकली. "सहा वर्षं मी याला हाताने भरवलंय, डॉक्टर. चिमट्याने, एकेका तोंडाला. तुम्ही आठ दिवसांत मारलात. मेहुण्याला पाऊस दाखवायला. आणि मी तुम्हाला मारू दिला, कारण मला तुमची भीती वाटत होती. ती आता वाटत नाही. पण याला काही उपयोग नाही त्याचा."

तिने हातोडी प्रवाळ दगडासकट बादलीत घेतला, जगतील अशी वाटणारी बटणं घेतली. मासे राहू दिले, ते डॉक्टरांचे होते. माणसांच्या लिफ्टने खाली गेली. बादल्या असल्या की मागच्या लिफ्टने जायचं असतं, हे पहारेकऱ्याने आठवण करून दिलं, तर तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने दार धरून उभं राहणं पसंत केलं.

बसमध्ये बादली दोन पायांत धरून ती पूल ओलांडत होती. शेजारच्या बाईने विचारलं, आत काय, खेकडे? जुसारा म्हणाली, नाही. बाईने पुढे विचारलं नाही.

पडवीतल्या सगळ्यात मंद दिव्याखाली, तळाला, वर जाळीचा आडोसा करून तिने त्याला ठेवलं. नऊपैकी सात तोंडं पंधरा दिवसांत गेली. एकेक तोंड सडलं की सुरीने कापून काढायचं, म्हणजे सड पुढे सरकत नाही. ती कापायची आणि शिव्या द्यायची. कधी डॉक्टरांना, कधी मेहुण्याला, बहुतेक वेळा स्वतःला. शेवटची दोन तोंडं तशीच मिटून राहिली. पाचव्या आठवड्यात एकाच्या कडेला तपकिरी छटा आली. मग दुसऱ्याच्या. चिमट्यातला कोळंबीचा कण त्याने धरला, तेव्हा तिला आनंद झाला, हे खरं. पण राग काही गेला नाही. दोन म्हणजे नऊ नव्हेत.

डॉक्टरांनी गटात काही लिहिलं नाही. वकील परत आला नाही. हाडांच्या दवाखान्याने मात्र बोलावलं. सेऊ अमारो गुडघे दाखवायला तिथेच जायचे आणि त्यांनी तिथे सगळी हकीकत, विजांच्या कडकडाटासकट, ज्याला त्याला सांगितली होती. मारिनेसने दोन महिन्यांनी दुसरीकडे नोकरी धरली. तिनेच फोन करून सांगितलं की डॉक्टरांनी आता टाकीत प्लास्टिकचे प्रवाळ घातलेत. निळ्या उजेडात ते फार छान दिसतात, आणि पोरांना फरक कळत नाही.

"सगळ्यांना आवडतात," मारिनेस म्हणाली. "चिडू नकोस."

"चिडणार," जुसारा म्हणाली.

त्याच आठवड्यात दोना झुल्मिरा नावाच्या बेकरीवालीने तिला बोलावलं. पावाच्या काउंटरशेजारी छोटी टाकी हवी, खरे प्रवाळ हवेत. टाकीची जागा दाखवता दाखवता ती म्हणाली, "दिवा माझा भाऊ स्वस्तात आणून देईल. त्याच्या ओळखीचा एक आहे."

"दिवा मी निवडणार," जुसारा म्हणाली. "कुठे टांगायचा तेही मी ठरवणार, आणि किती उजेड ते मी मोजणार. पटत नसेल तर आत्ताच सांगा. मी प्रवाळ आणणार नाही."

दोना झुल्मिराने पिठाचे हात एप्रनला पुसले. "बाई, मी काय वाईट बोलले? चिडलात का?"

"हो."

"माझ्यावर?"

"नाही. तुमच्यावर नाही." जुसाराने पिशवीतून मोजपट्टी काढली आणि काउंटरपासून छतापर्यंतचं अंतर मोजायला स्टूल मागितलं.