टाइलवरचा थेंब

डॉक्टर शशिधर कर्व्यांनी आयुष्यात एकच चैन केली आणि तीही धड चालत नव्हती. एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात त्यांनी इंग्लंडातल्या त्यांच्या कॉव्हेंट्री शहरातल्या एका विधवा बाईकडून वीस वर्षांची अमेरिकन मसल कार विकत घेतली. लांबलचक बॉनेट, गडद हिरवा रंग आणि पेट्रोल पिण्याची अशी हौस, की पंपावरचा माणूस आठवडाभरातच त्यांना नावाने हाक मारायला लागला. मुलगी मंजिरी लीड्सला शिकायला गेलेली, घरात माणसं दोन, आणि दारात ही वरातीची गाडी, म्हणून अनुराधाबाई येणाऱ्याजाणाऱ्यापाशी नवऱ्याची यथेच्छ थट्टा करत. डॉक्टर ती आनंदाने करवून घेत. दुखणं होतं ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. दांडा ‘डी’वर ओढला, की इंजिन नुसतंच गुरगुरे, गाडी जरा विचार करी आणि मग पाठीत गुद्दा बसावा तशी पुढे उडी घेई.

रवी टिळेकर हा त्यांचा जुना मित्र, तिथल्याच एका कार फॅक्टरीत इंजिनिअर. एका रविवारी तो दोन डबे घेऊन आला आणि दोन्ही ड्राइव्हवेवर ठेवून उभा राहिला.

“शशी, गिअरबॉक्समध्ये यातलं एकच तेल घालायचं. हे टाइप एफ. याने आतल्या प्लेट्स घट्ट पकडतात. हे डेक्सरॉन. याने सॉफ्ट चालतात. चुकीचं घातलंस तर प्लेट्स जळतील आणि मग बसशील अमेरिकेतून पार्ट्स मागवत.”

“जुनं काढून टाकू ना सगळं.”

“सगळं निघत नाही. निम्मं तरी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कन्व्हर्टरच्या पोटात राहतंच. म्हणून आधी आत काय आहे ते कळायला हवं. आणि ते बघून कळत नाही, कारण दोन्ही लालच.”

‘लालच’ म्हटल्यावर डॉक्टरांचे डोळे चमकले. चोवीस वर्षं ते हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत होते. कुणाचं रक्त कुणाला चालेल, हे पांढऱ्या टाइलवर दोन थेंब एकमेकांत मिसळून बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. जुळलं तर थेंब गुळगुळीत राहतो, नाही जुळलं तर त्यात कण धरतात. रवीला हसवावं म्हणून त्यांनी घरातली जुनी टाइल काढली, तेल मोजायच्या डिपस्टिकवरचं जुनं तेल तिच्यावर दोन ठिकाणी टेकवलं, एकात एफ मिसळलं, दुसऱ्यात डेक्सरॉन, आणि सवयीने टाइल हलकेच डोलवली.

रवी हसला. डॉक्टर हसले नाहीत. दोन्ही थेंबांत कण धरले होते, विटेच्या चुऱ्यासारखे, अगदी ठळक.

“घाण असेल आत,” रवी म्हणाला आणि चहा पिऊन घरी गेला. डबे त्याने पायरीवरच ठेवले.

डॉक्टरांनी टाइल धुतली, पुसली आणि पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग स्वतःलाच हसत त्यांनी बोटाला सुई टोचली. त्यांचा गट ओ, सगळ्यांना चालणारा. तेलाने तोही नाकारला. आणि तिथे मात्र त्यांचं हसणं थांबलं, कारण ओसुद्धा नाकारणारा एक गट त्यांना चांगला माहीत होता. बॉम्बे ग्रुप. मुंबईतच पहिल्यांदा सापडलेला, आपल्याकडे दहा हजारांत एखाद्याला असणारा आणि इंग्लंडात शोधून न मिळणारा. मंजिरीच्या वेळच्या बाळंतपणात कळलं होतं, अनुराधेचा तो होता.

अनुराधेच्या पोटात गाठी होत्या आणि सप्टेंबरात ऑपरेशन ठरलं होतं. तिला चालेल असं रक्त देणारे देशभरात मोजून दोघं-तिघं. त्यातल्या एकीला दिवस गेलेले, एकाला कावीळ झालेली. अनुराधेची पुण्याची बहीण वैजयंती, तिचंही जुळलं नाही. शेवटी अनुराधेचंच रक्त आधी काढून तिच्यासाठी ठेवायचं ठरलं, पण एका पिशवीतच ती इतकी फिकी पडली, की दुसरी घ्यायची कुणाची छाती झाली नाही. एवढीच काय ती शिदोरी. ऑपरेशनमध्ये जास्त रक्त गेलं तर ती टेबलावरून उठणार नाही, हे डॉक्टरांना इतरांपेक्षा जास्त स्पष्ट कळत होतं, आणि ते भयंकर घाबरलेले होते.

दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी घेतलेल्या तिच्या नमुन्यातलं थोडंसं त्यांनी घरी आणलं. गिअरबॉक्सच्या तेलात तो थेंब मिसळला. टाइल डोलवली, उजेडात धरली, पुन्हा डोलवली. थेंब मधासारखा गुळगुळीत राहिला.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, अनुराधेला तर नाहीच. टाइल नळाखाली धरून स्वच्छ केली आणि कपाटामागे सारून दिली. रवी फोनवर विचारत राहिला, “मग काय, एफ की डेक्सरॉन?” आणि डॉक्टर म्हणत राहिले, “ऑपरेशन होऊ दे रे.” रोज संध्याकाळी ते गाडीला हात लावून येत. देव मानणारा माणूस नव्हता तो, पण हात लावून येई खरा.

ऑपरेशनच्या दिवशी ते खालच्या कॅन्टीनमध्ये एकाच कपासमोर बसून होते. सर्जनबाई खाली आल्या त्या टोपीसकट. मधेच एक मोठी रक्तवाहिनी सुटली होती, त्या म्हणाल्या. पिशवी मागवण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात रक्त थांबलं, आपलं आपण, कुणी नळ बंद केल्यासारखं. पिशवी लागलीच नाही. अनुराधा शुद्धीवर येत होती आणि तिला भूक लागली होती.

डॉक्टर चारचौघांत मोठ्याने रडले. मग त्यांनी दोन सँडविच खाल्ली, लीड्सला फोन केला, पुण्याला केला, आणि टॅक्सीत बसल्यावर ड्रायव्हरलाही सगळं पहिल्यापासून सांगितलं.

घरी शेजारचे मिस्टर पॉवेल ड्राइव्हवेवर वर्तमानपत्रं पसरत होते. दुपारी एकदमच सुरू झालं, ते म्हणाले. गाडीखालून लाल ओहोळ फुटपाथपर्यंत गेला होता. संध्याकाळी रवी आला, वाकून बघितलं आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“शशी, हे सगळं आहे रे. कन्व्हर्टरमधलंसुद्धा. ते असं बाहेर येतच नाही.” मग त्याने हात पुसले. “पण लीक कुठे दिसत नाही. आणि तुझं काम सोपं झालं की. आता आत काहीच नाही, कुठलंही घाल.”

डॉक्टर हसले. त्यांना त्या दिवशी कशाचंही हसू येत होतं.

अनुराधा घरी आली, आमटीभात जेवली, मंजिरीला फोनवरून दटावायला लागली. घर पुन्हा घरासारखं झालं. उरली ती पिशवी. ज्याची पिशवी त्यालाच, असा ब्लड बँकेचा नियम. नाही लागली तर मुदत संपली, की टाकून द्यायची. मुदतीच्या दिवशी डॉक्टरांनी ती फ्रिजमधून काढली आणि टाकायच्या डब्यापाशी जाऊन उभे राहिले. मग ती आपल्या बॅगेत घातली. अनुराधेच्या वाटणीचं गाडीने दिलं होतं, आणि आपण तोंड फिरवून तिच्यात रवीच्या डब्यातलं परकं तेल ओतायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

त्या शनिवारी स्वच्छ ऊन पडलं होतं. अनुराधा मागच्या बागेत खुर्ची टाकून पडली होती. त्यांनी बॉनेट उघडलं, डिपस्टिकच्या नळीला नरसाळं लावलं आणि पिशवी कापून हळूहळू ओतली. मग इंजिन सुरू केलं, कारण ऑटोमॅटिकचं तेल इंजिन चालू ठेवूनच मोजतात. गुरगुर नाही, धडधड नाही. जेवून झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा शांत आवाज. इतक्या महिन्यांनी डॉक्टरांचे खांदे खाली आले. फेडलं, असं ते चक्क मोठ्याने म्हणाले.

डिपस्टिक काढली. खूण वर राहिली होती आणि टोक नावापुरतं ओलं होतं. गिअरबॉक्सला कितीतरी लिटर लागणार होतं.

मागे पावलं वाजली. अनुराधा कधीची येऊन उभी होती, गाल गुलाबी, डोळे शांत. तिने टाइलबद्दल कधी विचारलं नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. तिने त्यांच्या हातातल्या डिपस्टिककडे पाहिलं आणि हसली.

“पुरलं नाही ना हो?” ती म्हणाली, आणि पुढचं दार उघडून सीटवर नीट टेकून बसत कार्डिगनची बाही कोपराच्या वर सरकवायला लागली.